दरड, पूर, भूकंप यांच्यानंतर गावाचं मन कसं सावरायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृग लागला की आमच्याकडे हेच प्रश्न यायला लागतात. विचारणारे असतात आशाताई, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, शाळेतले गुरुजी, मंडळाची पोरं, आणि मुंबईत बसून गावाकडच्या फोनची वाट पाहणारे चाकरमानी. आम्ही डोंगरपट्ट्यातल्या आणि नदीकाठच्या गावांत आपत्तीनंतरच्या मानसिक आधाराचं प्रशिक्षण घेतो. तिथे आणि फोनवर जे पुन्हा पुन्हा विचारलं जातं, ते इथे एकत्र केलं आहे. सगळं सलग वाचायची गरज नाही. मात्र कुणी जीव देण्याची भाषा करत असेल तर थेट प्रश्न ११ वर जा.

१. "आघाताचं भान ठेवून मदत" म्हणजे नक्की काय? नेहमीच्या मदतीपेक्षा यात वेगळं काय आहे?

इंग्रजीत याला ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर म्हणतात. समोरच्या माणसावर काहीतरी भयंकर गुदरलं आहे हे धरून चालायचं आणि आपल्या वागण्यानं त्यात भर पडणार नाही एवढं पाहायचं. वेगळा विभाग लागत नाही, वेगळी खोली लागत नाही. पंचनामा करणारे तलाठी, खिचडी वाढणारा पोरगा, रक्तदाब मोजणारी नर्स, सगळ्यांनी आपलंच काम जरा निराळ्या पद्धतीनं करायचं.

दरडीत, पुरात माणसाच्या हातातून सगळं एका रात्रीत निसटतं. घर, माणसं, आणि "माझ्या आयुष्यात काय व्हावं हे मी ठरवतो" ही खात्रीही. म्हणून मदत देताना लहान लहान निर्णय त्याच्याकडे परत द्यायचे. "चहा घेणार की आधी हातपाय धुणार?" "इथे बसून बोलायचं की बाहेर ओट्यावर?" हे प्रश्न किरकोळ वाटतात, पण त्यांनीच सुरुवात होते. या पानावरची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीकडे येतात.

२. माणसांना खायला अन्न नाही, डोक्यावर छप्पर नाही. अशा वेळी मनाचं काय घेऊन बसलात?

अन्न, पाणी, निवारा, औषध हे आधीच. त्याबद्दल वाद नाही. पण ते कसं देता, यात मनाची काळजी येतेच.

एका शाळेतल्या निवारा केंद्रात सात-आठ दिवस बाहेरून पुरीभाजीची पाकिटं येत होती. बायका भिंतीला टेकून बसलेल्या, पाकीट उघडायचं आणि तसंच बाजूला ठेवायचं. मग त्यातल्या दोघींनी चूल मागितली. केंद्र सांभाळणाऱ्यांना आधी पटेना. आग, धूर, जबाबदारी कुणाची? शेवटी मैदानाच्या कडेला पत्रा लावून तीन चुली मांडल्या. त्या संध्याकाळी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याचं कालवण झालं. कुणी पीठ मळत होतं, कुणी जाळ बघत होतं, आणि त्या गडबडीत पहिल्यांदाच एक बाई आपल्या सासूचं नाव घेऊन मोठ्यानं रडली. शेजारणीनं तिच्या हातातली भाकरी घेऊन तव्यावर टाकली आणि तिच्याजवळ बसून राहिली. आमच्यापैकी कुणाला काहीच करावं लागलं नाही.

३. आम्ही डॉक्टर नाही, समुपदेशक नाही. आम्ही हात घातला तर बिघडणार नाही का?

पहिल्या मदतीला डॉक्टर लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची जी मार्गदर्शिका काढली, ती सामान्य मदतकर्त्यांसाठीच आहे. तिचा गाभा तीन शब्दांत मावतो: पाहा, ऐका, जोडून द्या.

पाहा, म्हणजे धोका कुठे आहे, जखमी कोण, एकटं कोण पडलंय, तान्हं बाळ कुणाकडे आहे. ऐका, म्हणजे जवळ बसा, काय हवंय ते विचारा, सांगतील तेवढंच ऐका. जोडून द्या, म्हणजे हरवलेल्या भावाचा फोन लावून द्या, रेशन कार्डाची नक्कल कुठे मिळते ते सांगा, गरज असेल तर दवाखान्यापर्यंत सोबत जा. नुसती चिठ्ठी देऊन पाठवू नका.

गावातल्याच माणसांना शिकवलं तर काय होतं, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत "विश्राम" नावाचा कार्यक्रम झाला. गावातलेच कार्यकर्ते तयार केले, लोकांशी बोलून नैराश्य ओळखायला आणि पहिला आधार द्यायला शिकवलं, पुढची गरज असेल त्यांना डॉक्टरांशी जोडलं. दीड वर्षात नैराश्य असलेल्या लोकांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण सुमारे सहापट झालं. तिथे संकट दरडीचं नव्हतं, शेतीतल्या ताणाचं होतं. पण दार ठोठावणारा माणूस ओळखीचा असला की दार लवकर उघडतं, हे दोन्हीकडे सारखंच.

४. भेटायला गेलो तर बोलायचं काय? शब्दच सुचत नाहीत.

नाही सुचले तर बसून राहा. गावाकडे सांत्वनाला येणारं जाणतं माणूस तासभर बसतं आणि दोन वाक्यं बोलून उठतं. ती रीत फार शहाणपणाची आहे.

बोलायचंच तर साधं बोला: "मी आहे इथे." "आत्ता लगेच काय लागतंय?" "उद्या सकाळी परत येतो." आणि उद्या सकाळी खरंच जा. न पाळलेलं लहानसं आश्वासनही या दिवसांत फार खोल लागतं.

टाळायची वाक्यं सगळी चांगल्या मनानंच बोलली जातात. "देवाची मर्जी." "तुम्ही तरी वाचलात." "आता मुलांकडे बघून सावरा." "रडू नका." त्या त्या घरातल्या माणसानं स्वतः "देवाची मर्जी" म्हटलं तर मान हलवा, त्याच्या श्रद्धेचा तो आधार आहे. पण आपण होऊन ते त्याच्या गळ्यात घालू नका. "तुम्ही तरी वाचलात" हे तर कधीच नको, कारण पुष्कळांना नेमकी त्याचीच बोचणी लागलेली असते.

५. बोलल्यानं मन मोकळं होतं म्हणतात. मग काय घडलं ते सगळं सांगायला लावलं तर काय चुकलं?

"लावलं" हा शब्दच चुकला. ज्याला बोलायचंय त्याला थांबवू नये आणि ज्याला नाही बोलायचं त्याला टोचू नये. घटना घडल्या घडल्या सगळ्यांना एकत्र बसवून किंवा एकेकट्याला गाठून सविस्तर कथन करायला लावण्याची एक पद्धत पूर्वी बरीच रूढ होती. तिचा फायदा होत नाही, काहींना त्रासच वाढतो, असं दिसून आल्यावर जागतिक आरोग्य संघटनाही आता ती नको म्हणते.

आपल्याकडे खरा प्रश्न निराळाच असतो. तलाठी विचारतात, मग पोलीस, मग पत्रकार, मग संस्था एक, संस्था दोन, मग दौऱ्यावर आलेले पुढारी. एकाच बाईला "पहिला आवाज कसा आला?" हे पंधरा वेळा सांगावं लागतं. यावर सोपा उपाय आहे: गावानं एक वही ठेवायची. कुटुंबाची माहिती, नुकसान, गरजा एकदाच नीट लिहून घ्यायच्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला आधी ती वही दाखवायची. कुटुंबाच्या परवानगीनं, आणि फक्त कामापुरतं. या वहीनं किती जणांची झोप वाचते ते वापरून बघा.

६. महिना होत आला, तरी झोप नाही. पत्र्यावर पाऊस वाजला की छाती धडधडते. मला वेड लागतंय का?

नाही. जिवावरच्या प्रसंगातून गेलेल्या शरीराचं ते राखण करणं आहे. दचकणं, तेच दृश्य डोळ्यांपुढे येणं, जेवण न जाणं, चिडचिड, सगळं बधिर झाल्यासारखं वाटणं, हे पहिल्या काही आठवड्यांत बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं हळूहळू ओसरतं. चिपळूणला २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी घराघरात शिरलं. त्यानंतर रात्री पाऊस वाढला की उठून पायरीवर पाणी आलंय का पाहणारी माणसं तुमच्याही ओळखीत असतील.

साधारण महिन्यानंतरही त्रास कमी होत नसेल, किंवा त्यामुळे कामधंदा, स्वयंपाक, मुलांकडे बघणं होत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली सोय असते. घरबसल्या बोलायचं तर सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

महिनाभर थांबायचं नाही अशाही गोष्टी आहेत: अन्नपाणी पूर्ण सोडणं, नसलेले आवाज ऐकू येणं, बाळंतिणीनं बाळाकडे बघणं सोडणं, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा. अशा वेळी त्याच दिवशी हालचाल करा.

७. मेडिकलमधून झोपेची गोळी आणून दिली तर चालेल का? निदान आई झोपेल तरी.

परस्पर देऊ नका. धक्क्यानंतरच्या पहिल्या महिन्यात, निव्वळ त्या धक्क्याचा त्रास कमी व्हावा म्हणून झोपेच्या आणि "शांत करणाऱ्या" नेहमीच्या गोळ्या देऊ नयेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्यांची सवय लागते आणि म्हातारं माणूस रात्री उठताना पडतं.

याच्या अगदी उलट असलेली एक गोष्ट मात्र नेहमी विसरली जाते. ज्यांची फिट्सची किंवा मानसिक आजाराची औषधं आधीपासून चालू होती आणि पुरात वाहून गेली, त्यांना ती लगेच मिळायला हवीत. अशी औषधं एकदम तुटली की आजार उसळतो. निवारा केंद्रात पहिल्या दिवशी नावं लिहितानाच विचारा: "कायमची गोळी कुणाला चालू आहे?" सगळ्यांसमोर नको, एकेकट्याला.

८. मुलांना काय सांगायचं? ती तर खेळतायत, त्यांना काही कळलेलंच नाही असं वाटतं.

कळलेलं असतं. मुलं खेळातूनच ते बाहेर काढतात. दगडमातीचा ढीग करायचा, त्याखाली काड्यांची घरं पुरायची आणि मग हातानं उकरून काढायची, हा खेळ बघून मोठी माणसं हबकतात आणि मुलांना ओरडतात. ओरडू नका. जवळ बसा. बऱ्याचदा दोन-चार दिवसांनी त्या खेळात रुग्णवाहिका येते, जेसीबी येतो, कुणीतरी वाचतं. मूल तोच खेळ आठवडे अडकल्यासारखं खेळत राहिलं, त्यात घाबरंच होत गेलं, तर मात्र दाखवा.

पुन्हा अंथरूण ओलं होणं, आईचा पदर न सोडणं, पोट दुखणं हेही होतं. रागावून उपयोग नाही, थट्टा तर नकोच.

मृत्यू लपवू नका. "बाबा मुंबईला गेलेत" असं सांगितलेलं मूल दर एसटीकडे डोळे लावून बसतं. सोप्या शब्दांत, ओळखीच्या माणसानं, खरं सांगावं. "झोपलेत" असंही म्हणू नये, मूल मग झोपायलाच घाबरतं.

शाळा जितक्या लवकर सुरू होईल तितकं चांगलं, झाडाखाली का होईना. घंटा, प्रार्थना, हजेरी यातून दिवसाला आकार येतो. गुरुजींना एक कळकळीची विनंती आहे. एका शाळेत पूर ओसरल्यावर पहिल्याच आठवड्यात "मी अनुभवलेला पूर" हा निबंध लिहायला दिला होता. चौथीतली एक मुलगी कोऱ्या पानावर पेन्सिल टेकवून अर्धा तास तशीच बसली, आणि मग सहा महिने तिनं निबंधाची वही उघडली नाही. चित्र काढू द्या, पण विषय त्यांना निवडू द्या. आणि हजेरीत गेलेल्या मुलाचं नाव येतं तेव्हा काय करायचं, हे वर्गात जाण्याआधीच ठरवून जा.

९. बायका निदान रडतात तरी. पुरुष काहीच बोलत नाहीत, आणि संध्याकाळी पितात. त्यांचं काय?

पुरुषांशी समोरासमोर बसून "कसं वाटतंय?" विचारलं तर उत्तर येत नाही. काम करता करता येतं. गाळ काढताना, कौलं चढवताना, गोठा उभा करताना बरोबरीनं हात लावा, बोलणं आपोआप निघतं. भजनी मंडळ लवकर बसवा. पखवाज वाहून गेला असेल तर तो मिळवणं हीही मदतच आहे.

दारूबद्दल उपदेशानं काही होत नाही. नुकसानभरपाईचा पहिला हप्ता हाती येतो तो आठवडा सगळ्यात नाजूक असतो. शक्य तिथे ती रक्कम नवरा-बायकोच्या संयुक्त खात्यात जावी यासाठी आधीच प्रयत्न करा. एक धोक्याची सूचनाही आहे. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू निवारा केंद्रात अचानक बंद झाली आणि दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, घाम, भास किंवा फिट सुरू झाली, तर ते नाटक समजू नका. जीव जाऊ शकतो. लगेच दवाखान्यात न्या.

१०. आमच्या माणसाचा मृतदेहच सापडला नाही. दिवस कसे घालायचे? घालायचे तरी का?

याला घाईनं उत्तर देता येत नाही. इर्शाळवाडीत १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. चार दिवसांनी शोधकार्य थांबवलं तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. ज्यांची माणसं मातीखालीच राहिली, त्यांचं दुःख सुरूही होत नाही आणि संपतही नाही. डोकं सांगतं गेला, मन सांगतं कुठल्यातरी दवाखान्यात असेल. दोन्ही एकाच वेळी खरं वाटणं हा वेडेपणा नाही.

"आता मान्य करा" असं म्हणू नका. विधी कधी करायचा हे त्या घरानं ठरवू द्या. देह न मिळाल्यास पळसाच्या पानांची किंवा दर्भाची प्रतिमा करून संस्कार करण्याची रीत आपल्याकडे आहे. आदिवासी समाजांच्या आपापल्या रीती आहेत, त्या त्यांच्या जाणत्यांनाच विचारा, आपल्या त्यांच्यावर लादू नका. काही घरांत एक सापडलेली वस्तू, कोयता, पैंजण, वही, हीच मग निरोपाची खूण होते. म्हणून ढिगारा उपसताना मिळालेल्या वस्तू राडा समजून फेकू नका. एका जागी ठेवा, लोकांना येऊन पाहू द्या.

कागदोपत्री बाजूनं, एरवी बेपत्ता माणसाला मृत धरायला सात वर्षांचा नियम लागू होतो. मोठ्या आपत्तीत सरकार वेगळी प्रक्रिया करू शकतं. पोलिसांत बेपत्ता असल्याची नोंद आणि तहसीलदारांकडे लेखी अर्ज, दोन्ही करून पोच घ्या. त्या अर्जावर सही करणं म्हणजे माणसाला स्वतःच्या हातानं पुरणं, असं पुष्कळ आयांना वाटतं. सही करताना कुणीतरी जवळ असू द्या.

११. शेजारचे काका "आता जगून काय करू" म्हणतात. विचारलं तर उलट त्यांच्या डोक्यात येईल ना?

नाही येणार. थेट, शांतपणे विचारल्यानं आत्महत्येचा विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी ओळखलं म्हणून माणूस सुटका झाल्यासारखं बोलतो. "काका, जीव द्यावा असं मनात येतं का? कसं करायचं ते ठरवलंय का?" इतकं स्पष्ट विचारा. "हो" आलं तर एकटं सोडू नका. घरातली फवारणीची औषधं, दोर, साठवलेल्या गोळ्या दुसऱ्याच्या ताब्यात द्या. १४४१६ वर त्यांच्या शेजारी बसूनच फोन लावा, तातडीची वेळ असेल तर ११२.

कुणी प्रयत्न केला असेल तर पोलिसांच्या भीतीनं दवाखाना टाळू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार असं माणूस तीव्र ताणाखाली होतं असं धरलं जातं, आणि त्याच्यावर खटला चालवून शिक्षा करू नये असं कायदा सांगतो.

१२. आमच्याकडे गावदेवाला गाऱ्हाणं घालणार आहेत. काही जण देवऋषाकडे जातायत. अडवायचं का?

गाऱ्हाण्याला जरूर जा. सगळी वाडी एका जागी उभी राहते, मोठ्यानं दुःख बोललं जातं, पुढच्या वर्षाची राखण मागितली जाते. यासारखा आधार बाहेरून कुणाला आणता येत नाही. डॉक्टर आणि देव यातलं एक निवडायला लावलं तर लोक डॉक्टरला सोडतात, म्हणून तसं करू नका.

रेषा कुठे ओढायची तेही सांगतो. मारहाण, चटके, कोंडून ठेवणं, आणि "अमकीच्या पायगुणानं दरड आली" असं म्हणून एखाद्या बाईला वाळीत टाकणं. इथे गप्प बसायचं नाही. अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांविरुद्ध २०१३ पासून महाराष्ट्रात कायदा आहे. नवऱ्याला गमावलेल्या तरुण बायकांवर असे आरोप फार लवकर होतात, त्यांच्याकडे लक्ष ठेवा.

१३. मदत वाटताना गावात भांडणं लागली. वरची वाडी आणि खालची वाडी बोलत नाहीत. आता?

पहिले काही दिवस सगळं गाव एक होतं, आणि ताडपत्र्यांचा ट्रक आला की फुटतं. हे जवळजवळ सगळीकडे होतं, तुमचंच गाव वाईट नाही.

यादी करा आणि ती चावडीवर, देवळाबाहेर, शाळेच्या भिंतीवर लावा. कुणाला काय मिळालं, कुणाला राहिलं. समितीत प्रत्येक वाडीची आणि प्रत्येक समाजाची माणसं हवीत, निम्म्या बायका हव्यात. बचत गटाच्या बायकांना कुठल्या घरात काय आहे हे सरपंचापेक्षा अचूक ठाऊक असतं. भाड्यानं राहणारे, वीटभट्टीवरचे, ऊसतोडीला गेलेले, ज्यांचं नाव सातबाऱ्यावर नाही ते, यांच्यासाठी एक माणूस खास नेमा. यादीतून सुटतात ते नेहमी हेच.

१४. सरकार नवीन गाव वसवून देतंय. घर मिळालं की लोक सावरतील ना?

घर मिळणं फार मोठी गोष्ट आहे. पण गाव म्हणजे फक्त घरं नव्हेत, हे लातूर-धाराशिवच्या लोकांनी सोसून शिकलं आहे.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन उरकून लोक झोपले होते, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसं जाड दगडी भिंतींखाली आणि मातीच्या धाब्यांखाली गेली. पन्नासहून अधिक गावं नव्या जागी वसवली गेली. घरांचे आकार जमिनीच्या मालकीवरून ठरले: २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. रस्ते सरळ, रुंद, चौकोनी आखणीचे. पण जुन्या बोळांतले शेजारी पांगले. ओट्यावर बसून समोरच्या दारात बोलायचं, तर समोरचं दार रस्त्यापलीकडे लांब गेलं. ज्या म्हातारीला हाक मारली की सून-शेजारीण धावत यायची, तिच्या हाकेच्या टप्प्यात आता कुणी ओळखीचं नव्हतं.

त्याच भूकंपानंतर दुसरीही एक गोष्ट घडली. घरं पूर्ण पडली नव्हती, पण दुरुस्त आणि मजबूत करायची होती, अशा हजारावर गावांत महिला मंडळांतून "संवाद सहायक" नेमल्या गेल्या. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं त्यांच्यासोबत काम केलं. कधी उंबरठ्याबाहेर बोलायची सवय नसलेल्या या बायका हप्ता कधी मिळतो, भिंतीच्या कोपऱ्यात पट्टी कशी घालायची, हे घरोघरी समजावू लागल्या, इंजिनियरला प्रश्न विचारू लागल्या. ज्यांचं सगळं गेलं होतं त्यांच्याच हातात पुन्हा बांधायचं काम आलं. मला विचाराल तर महाराष्ट्रात मनाच्या पुनर्वसनाचं याहून मोठं काम क्वचितच झालं असेल, आणि त्याला कुणी मानसोपचार म्हटलं नव्हतं.

म्हणून नवीन गावाचा नकाशा मंजूर होण्याआधी ग्रामसभेत हे मागा: शेजारी शेजारीच राहू द्या. गोठ्याला, परसाला जागा द्या. शेत किती लांब पडेल ते चालून बघा. देव कुठे बसणार, स्मशान कुठे, पोरं कुठे खेळणार, बायका कुठे जमणार. आणि जागा पावसाळ्यात एकदा पाहा. माळीणच्या लोकांना २०१७ मध्ये नवीन घरं मिळाली आणि पहिल्याच पावसात तिथले रस्ते खचले. ३० जुलै २०१४ ला दीडशेवर माणसं डोंगराखाली गमावलेल्या गावाला पायाखालची माती हलताना पुन्हा बघावी लागली. बांधकामाची चूक अशी मनापर्यंत जाते.

१५. बाहेरून येणाऱ्या संस्था, कॅमेरे, पुढारी यांना कसं आवरायचं?

गावानं एक माणूस नेमावा, तो सगळ्यांना आधी भेटेल. काय लागतंय, काय नको, तो सांगेल. जुने कपडे नकोत असं स्पष्ट सांगा. त्यांचे ढीग रस्त्यावर भिजत पडतात आणि गावाला ते बघत बसावं लागतं. रांगेत उभ्या बाईचा हात पुढे असतानाचा फोटो घेऊ देऊ नका. संस्थेला आपल्या देणगीदारांना फोटो दाखवायचा असेल तर उभ्या राहिलेल्या भिंतीचा दाखवता येतो.

"समुपदेशन" करायला दोन दिवसांसाठी येणाऱ्यांना विचारा: तुम्ही गेल्यावर यांच्याशी कोण बोलणार? उत्तर नसेल तर त्यांनी लोकांशी बोलण्यापेक्षा गावातल्या सहा जणांना शिकवून जावं.

१६. मी मुंबईत किंवा परदेशात आहे. गावी जाणं शक्य नाही. काय करू?

रोज ठरलेल्या वेळी एक फोन करा आणि महिनोन्महिने करत राहा. गर्दी महिन्याभरात ओसरते, खरा एकटेपणा दिवाळीच्या सुमाराला येतो. कागदपत्रांचं काम तिथे बसून होतं: आधार, विमा, बँक, अर्जांचा पाठपुरावा. पैसे पाठवायचे तर थोडे राखून ठेवा, पुढच्या जूनमध्ये लागतील. आणि फोनवर "तिकडे धोका आहे, सगळे इकडे या" असा लकडा लावू नका. म्हाताऱ्या आईला कांदिवलीच्या दहाव्या मजल्यावर जीव सुरक्षित वाटेलही, पण तिथे ती कुणाची कोणीच नसते.

१७. दरडीत अनाथ झालेल्या मुलाला आम्ही दत्तक घेऊ शकतो का?

थेट नाही. कितीही प्रेमानं असलं तरी मूल परस्पर देणं-घेणं बेकायदेशीर आहे. मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर कळवायचं, पुढचा निर्णय जिल्ह्याची बालकल्याण समिती घेते, आणि दत्तक कारा या केंद्रीय यंत्रणेमार्फतच होतं. त्याआधी मुलाचे आजी-आजोबा, काका, मावशी यांचा शोध घ्यावा लागतो, आणि तेच योग्य. किल्लारीनंतर सुमारे बाराशे मुलांना भारतीय जैन संघटनेनं पुण्यात आणून शिकवलं, ते मोठं काम होतं. तरीही आधी पाहावं ते हे की मूल आपल्या माणसांत, आपल्या बोलीत राहून शिकू शकतं का. तुम्हाला मनापासून मदत करायची असेल तर मूल सांभाळणाऱ्या त्या मावशीला हातभार लावा.

१८. कुणी विश्वासानं सांगितलेलं कुणालाच सांगायचं नाही, बरोबर?

बरोबर, दोन अपवाद सोडून. पहिला, जिवाला धोका (प्रश्न ११). दुसरा, अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग सांगणारा कितीही म्हणो "कुणाला सांगू नका". म्हणून कुणी "तुम्हाला एक सांगू का?" म्हणालं की आधीच सांगा: "जिवाचा किंवा लेकराचा प्रश्न असला तर मला मदत मागावी लागेल. पण तुला सांगितल्याशिवाय मी काही करणार नाही." निवारा केंद्रात दिवे, कडी असलेले संडास आणि मुली-बायकांसाठी वेगळी जागा पहिल्या रात्रीपासून हवी. ती असली की अशा गोष्टी सांगायची वेळच कमी येते.

१९. वर्ष पूर्ण होतंय. कार्यक्रम करावा की विषयच काढू नये?

विषय निघालेलाच असतो. २०२१ मध्ये दरड कोसळलेल्या तळीयेला आणि पूर आलेल्या चिपळूणला २२ जुलै कॅलेंडरवर लिहून ठेवावी लागत नाही. करायचं ते त्या घरांना विचारून करा. स्टेज, हारतुरे, भाषणं नकोत असं बहुतेक ठिकाणी सांगतात. नावं वाचणं, एकेक झाड, सामुदायिक जेवण पुष्कळांना हवं असतं. कुणाला यायचं नसेल तर नाही आलं, त्याची चर्चा नको. त्या आठवड्यात कुणाकुणाच्या घरी चक्कर मारायची ते मात्र आधी वाटून घ्या.

२०. आमच्या गावात अजून काही घडलेलं नाही. आधीपासून काय करून ठेवावं?

उन्हाळ्यात एक दिवस काढा. हातानं काढलेला गावाचा नकाशा: एकटं राहणारं म्हातारं माणूस कुठल्या घरात, चालता न येणारं कोण, गरोदर कोण, कायमची औषधं कुणाला. प्रत्येक अशा घराला एक शेजारी नेमा आणि त्या शेजाऱ्याला ते माहीत असू द्या. आपदा मित्र हे सरकारचं आपत्तीतल्या मदतीचं प्रशिक्षण घेतलेला कुणी पंचक्रोशीत असेल तर त्याला बोलवा. रात्री गाव सोडायची वेळ आली तर हाक कोण देणार, कुठल्या वाटेनं जायचं, गुरं कोण सोडणार, हे एकदा प्रत्यक्ष चालून बघा. गुरं सोडता येणार नसतील तर माणसं हलत नाहीत, हे आराखड्यात लिहाच.

२१. मदत करता करता माझीच झोप उडाली आहे. पण मी कुणाला सांगू? माझं तर काहीच गेलेलं नाही.

तुम्ही हातांनी माती उपसली आहे, तुम्ही आयांना ओळख पटवायला नेलं आहे. प्रश्न ६ मध्ये जे लिहिलंय ते सगळं तुम्हालाही लागू आहे, १४४१६ हा नंबरही. आशाताई, तुमचं घरही त्याच पुरात भिजलेलं असतं आणि तुम्ही दुसऱ्यांच्या याद्या करत फिरत असता, हे आम्ही पाहिलं आहे.

दोघा-दोघांच्या जोड्या करा, एकट्यानं जड घरी जाऊ नका. दिवस संपला की पंधरा मिनिटं एकत्र चहा प्या आणि मगच घरी जा. आठवड्यात एक दिवस फोन दुसऱ्याकडे द्या. आणि तुमच्या तालुक्यात असं बोलायला कुणीच नसेल तर आम्हाला कळवा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही मदत करणाऱ्यांसाठीच बसतो. तिथे कुणाची माहिती लिहून घेत नाही.